जाळीखालची लिंबोणी

मी एक जुनी लिंबोणी आहे. डंगॉग गावात, पास्को कुटुंबाच्या घरामागे, कपडे वाळत घालायच्या फिरत्या खांबाच्या पलीकडे मी उभी आहे. मित्रांनो, माझ्याभोवती ही जी बाग दिसते, तिच्यात लालभडक वाराटा आहे, बँक्सिया आहे, ग्रेव्हिलिया आहे, आणि कांगारूच्या पंजासारखी फुलं येणारं ते लवदार झुडूपही आहे. ही सगळी याच मातीतली लेकरं. परकी तेवढी मी. खरं सांगायचं तर हे मला माहीतच नव्हतं. माणसाच्या एका आयुष्याइतका काळ एका जागी उभं राहिल्यावर कोणी येऊन ‘तू इथली नाहीस’ म्हणेल, असं कोणाला वाटतं? पण म्हणणारे भेटले, आणि त्यापायी माझा जीव जायची वेळ आली होती.

माझा जन्म रोपवाटिकेत झाला. जन्म कसला, कलम! वरचं धड माझं आणि खालची मुळं दुसऱ्याच कुठल्या तरी काटेरी, कडवट झाडाची. त्यामुळे माझ्या बोलण्यात कुठे तिरकसपणा दिसला, तर तो खालून आला आहे असं समजावं.

आताचा घरधनी मर्व, त्याची आई एडना मला गोणपाटात गुंडाळून लॉरीतून घेऊन आली. घरावर तेव्हा पत्रेसुद्धा चढायचे होते. पण इथली रीतच तशी होती, परसात आधी लिंबोणी लावायची, बाकीचं सगळं नंतर. मर्व त्या वेळी रांगत होता. माझ्यासाठी खणलेल्या खड्ड्यातली मूठभर माती त्यानं तोंडात घातली आणि आईचा मार खाल्ला. तेव्हापासून आमची ओळख आहे.

पुढची वर्षं मी राबले, पण ते राबणं मला आवडायचं. शुक्रवारच्या तळलेल्या माशावर मी. रविवारच्या पॅनकेकवर साखरेबरोबर मी. घरात कोणाला सर्दी झाली की मध-पाण्यात मी. अंडी, लोणी, साखर आणि माझा रस आटवून एडना पिवळंधमक लेमन बटर करायची. त्या बरणीला गावच्या कृषी प्रदर्शनात पहिल्या बक्षिसाची निळी फीत मिळायची आणि ती फीत एडना स्वयंपाकघरात लावायची. वास्तविक ती माझ्या फांदीला बांधायला हवी होती, पण ते जाऊ द्या.

माझी मुठीएवढी पिवळी लिंबं पिशव्या भरभरून गल्लीत जायची. शेजारच्या डेसच्या घरी जायची, समोरच्या मॅव्हिसकडे जायची, पाद्र्यांकडेसुद्धा जायची. बदल्यात कधी अंडी यायची, कधी भोपळा यायचा, कधी नुसताच निरोप यायचा. आमच्या गावात लिंबू दुकानातून विकत आणणारा माणूस म्हणजे ज्याला जगात कोणी उरलं नाही असा माणूस, अशी समजूत होती.

आता एक गोष्ट सांगताना मला संकोच वाटतो, पण आत्मवृत्त म्हटलं की लपवाछपवी बरी नव्हे. घरातल्या पुरुषमंडळींनी संध्याकाळी माझ्या बुंध्याशी येऊन लघुशंका उरकायची, हीदेखील इथली जुनी रीत आहे. त्यानं लिंबोणी धरते म्हणतात. मर्वच्या वडिलांनी ती पाळली आणि मर्वनं तर एखाद्या व्रतासारखी पाळली. पाऊस असो, थंडी असो, सूर्य कलला की मर्व आलाच. उभ्या उभ्या तो दिवसभरात घडलेलं सगळं मला सांगायचा. मान दुसरीकडे करून मी ऐकायची.

मग मर्वचं लग्न झालं, ग्लेनिस आली, मुलं झाली, मोठी होऊन शहरात गेली. एडना देवाघरी गेली. ग्लेनिस शाळेतल्या नोकरीतून निवृत्त झाली, आणि इथून माझे दिवस फिरले. कारण ग्लेनिसनं देशी झाडांच्या मंडळात नाव घातलं.

एकदा मनावर घेतलं की ग्लेनिस मागे पाहत नाही. पहिल्या वर्षी गुलाब गेले. दुसऱ्या वर्षी हायड्रेंजिया गेले. कॅमेलिया मोठ्या घरची, नाक वर करून उभी असायची. तीही एका सकाळी कचऱ्याच्या गाडीतून गेली. त्यांच्या जागी देशी रोपं आली. सुरुवातीला ती इतकी किरकोळ होती, की मर्वचा दोनदा त्यांच्यावर पाय पडला आणि दोन्ही वेळा त्याला बाहेर बसून जेवावं लागलं. पण बाग बहरली हे मात्र खरं. मध खाणारे पक्षी आले, निळ्या शेपटीचे चिमुकले पक्षी आले. मी म्हातारी, तरी माझाही जीव रमला.

भांडण लागलं ते खतावरून. या देशी मंडळींना भारी खत सोसत नाही. बँक्सियाच्या मुळाशी कोंबडीखत पडलं तर ती चक्क मरते. आणि मी पहिल्यापासून खादाड! ग्लेनिसनं बागेत खताला बंदी केली. मर्व बादलीवर टोपी झाकून माझ्यापुरतं कोंबडीखत चोरून आणू लागला. एकदा त्याच संध्याकाळी धो धो पाऊस आला, माझं जेवण उतारावरून वाहत खाली गेलं आणि ग्लेनिसची लाडकी बँक्सिया आठवडाभरात पिवळी पडून मेली. मर्वनं मान खाली घातली. ग्लेनिसनं माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मीच रात्रीत चालत जाऊन बँक्सियाला विष घातलं होतं. त्यानंतर माझी छाटणी बंद झाली. वाळकी लाकडं अंगावर तशीच राहिली. फांद्यांवर किड्यांनी केलेल्या गाठी वाढल्या. फळं मात्र मी देतच राहिले. दुसरं मला येतंच काय?

त्या वर्षी मंडळानं ठरवलं की ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी पास्कोंची बाग लोकांना पाहायला खुली करायची. ग्लेनिसच्या आयुष्यातला हा केवढा मान! मंडळाच्या अध्यक्ष थोराबाई आधी पाहणीला आल्या. उंच, शिडशिडीत बाई. पायात बूट, डोक्यावर रुंद टोपी. एकेका झाडापुढे उभ्या राहून त्यांनी त्याला त्याच्या लांबलचक शास्त्रीय नावानं हाक मारली. मग माझ्यापुढे येऊन थांबल्या.

“ग्लेनिस, बाग सुंदर आहे. पण हे काय?”

“लिंबू आहे, थोराबाई.”

“ते मला दिसतंय. का आहे?”

ग्लेनिसनं खाली पडलेलं एक वाळकं पान उचलून खिशात घातलं. थोराबाई म्हणाल्या, “देशी झाडांची बाग म्हणून आपण लोकांना बोलावतोय. दहा गावांहून माणसं येणार. हे उद्याच्या उद्या काढ. नाहीतर मला पत्रकात छापलेलं तुझ्या बागेचं नाव मागं घ्यावं लागेल.”

‘काढते,’ असं ग्लेनिसनं कबूल केलं आणि थोराबाई गेल्यावर मर्वला हाक मारली. “मर्व, उद्या सकाळी करवत चालव. काढून टाक ती.”

मर्वचा चेहरा पडला. पण तो वाद घालणाऱ्यांतला नव्हे. “हो, करतो की,” असं म्हणून तो शेडमध्ये गेला. सकाळी त्यानं इंजिनाच्या करवतीची सुरू करायची दोरी ओढली, पुन्हा ओढली, कपाळाचा घाम पुसला.

“ग्लेन, करवत बिघडली गं.”

“काय झालंय तिला?”

“काय माहीत. म्हातारी झाली बिचारी.”

करवतीचा प्लग मर्वच्या शर्टाच्या खिशात होता. मला तो वरून स्वच्छ दिसत होता.

ग्लेनिस कुंपणाशी गेली. “डेस, तुझी करवत दे रे जरा.”

शेजारच्या डेसनं टोपी काढून डोकं खाजवलं. “कशाला हवीय?”

“लिंबू काढायचंय.”

“कुठलं लिंबू? आपलं लिंबू?”

“आपलं नाही, माझं.”

“अरेरे, चेन तुटलीय बघ कालच,” डेस म्हणाला आणि घाईघाईनं घरात गेला. तिथून ग्लेनिस मॅव्हिसकडे गेली. मॅव्हिसची करवत मुलानं नेली होती. कोपऱ्यावरच्या खाटकाच्या करवतीची धार गेली होती. पाद्र्यांकडे करवत होती, पण म्हणे तिचं तेल संपलं होतं आणि ते कुठे मिळतं हे त्यांना आठवत नव्हतं. मित्रांनो, एका आठवड्यात अख्ख्या गल्लीतल्या करवती आजारी पडल्या. कोणी भांडलं नाही, कोणी विनवणी केली नाही. आमच्या गावात नाही म्हणायची पद्धत अशीच आहे.

त्यातच एका सकाळी डेसच्या परसातून घर्र घर्र आवाज आला. ग्लेनिसनं कुंपणावरून डोकं काढलं. “डेस! दुरुस्त झाली वाटतं!”

“झाली होती. ही बघ, आत्ता परत बिघडली.” आणि आवाज बंद.

शेवटी ग्लेनिस स्वतः हातकरवत घेऊन माझ्यापुढे आली. ती गुडघा टेकायला गेली, गुडघ्यानं ऐकलं नाही, तोल सांभाळायला तिनं माझी फांदी धरली आणि माझा काटा तिच्या अंगठ्यात गेला. मी काही मुद्दाम केलं नाही. पण केलं असतं तरी काय बिघडलं असतं?

“अवदसा मेली!” ग्लेनिस म्हणाली आणि अंगठा चोखत घरात गेली. मग तिनं एक युक्ती काढली. रविवारी पहाटे उठून तिनं सावलीची हिरवी जाळी माझ्यावर टाकली, डोक्यापासून पायापर्यंत मला झाकलं, दोरीनं बांधलं आणि पुढे पाटी लावली, ‘कृपया जवळ येऊ नये.’ थोराबाईंना काय सांगायचं ते तिनं पाठही करून ठेवलं.

रविवारी गाड्यांच्या रांगा लागल्या. न्यूकॅसलहून आले, मेटलंडहून आले, ग्रेसफर्डहून आले. टोप्या घातलेली माणसं कंबरेत वाकून एकेक गवताची काडी न्याहाळत होती आणि ‘अहाहा!’ करत होती. मर्व फाटकाशी बसला होता, डेस गाड्या लावून देत होता, मॅव्हिस स्कोनचे मऊ पाव, जॅम आणि साय वाढत होती. ग्लेनिस नव्या ब्लाउजमध्ये गोरीमोरी होऊन सगळ्यांना माहिती देत होती.

पण माणसाचा स्वभाव बघा. फुललेला वाराटा समोर उभा, आणि एक माणूस त्याच्याकडे पाठ करून माझ्या जाळीपुढे थांबला. त्याला पाहून दुसरा थांबला.

“आत काय असेल हो?”

“काहीतरी दुर्मिळ असणार. एवढं झाकलंय म्हणजे!”

“डोंगरातल्या दरीतून आणलंय म्हणे.”

“कोणी सांगितलं?”

“आता तुम्हीच नाही का म्हणालात दुर्मिळ आहे म्हणून?”

कोणीतरी जाऊन फाटकाशी मर्वला विचारलं. मर्व आयुष्यात कधी खोटं बोललेला नाही, करवतीचं सोडा. तो म्हणाला, “मला सांगायची परवानगी नाही.” झालं! अर्ध्या तासात सगळी बाग रिकामी होऊन माझ्यापुढे जमली. माणसं टाचा उंचावून पाहत होती. एकानं जाळीला नाक लावलं. ऑक्टोबर म्हणजे इथला वसंत, मी आतून फुलांनी डवरलेली. वास काय जाळीत बांधून ठेवता येतो?

“ओळखीचा वास आहे,” तो म्हणाला. “कुठला ते आठवत नाही. लहानपणीचा काहीतरी.”

गर्दी पाहून थोराबाई आल्या. त्यांच्या हातात चहाचा कप होता, बिनदुधाचा. लोकांनी वाट दिली. ग्लेनिस धावत मध्ये आली.

“थोराबाई, त्याचं अजून... ते जरा नाजूक आहे.”

“बघू तरी,” म्हणत थोराबाईंनी दोरी सोडली आणि जाळी उचलली. जाळीला अडकलेलं माझं एक टपोरं लिंबू सुटलं, थोराबाईंच्या टोपीवर आपटलं आणि गडगडत जाऊन ग्रेसफर्डच्या एका म्हाताऱ्याच्या बुटाशी थांबलं. त्यानं ते उचललं, नखानं टोकरलं आणि हुंगलं.

“लिंबू!” तो म्हणाला, आणि त्याचा चेहरा असा फुलला की मला लाजल्यासारखं झालं.

थोराबाईंनी टोपी सरळ केली. “ग्लेनिस, मी सांगितलं होतं.”

“हो.”

“काढते म्हणाली होतीस.”

“करवत मिळाली नाही, थोराबाई.”

“माझ्या गाडीत आहे. आणि ती चालते. कोणीतरी जाऊन आणा, आत्ताच संपवून टाकू. लोकांनाही कळेल की आपण जे बोलतो ते करतो.”

कोणी हललं नाही. डेस बुटाची नाडी बांधायला वाकला आणि वाकलेलाच राहिला. मर्व फाटक सोडून आला होता. नुसता येऊन माझ्या शेजारी उभा राहिला, संध्याकाळी राहतो त्याच जागी. त्याचा हात माझ्या खोडावर होता. मलाही वाटलं, संपलं आता. सगळ्यांच्या करवती बिघडवता येतात, पण ही बाई दुसऱ्या गावची.

ग्लेनिसची नजर थोराबाईंच्या कपात गेली. चहात एक पिवळी चकती तरंगत होती.

“थोराबाई, तुमच्या चहात ते काय आहे?”

“लिंबू आहे. मी दूध घेत नाही.”

“कुठून आलं ते?”

थोराबाईंनी कपात पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. जरा गडबडल्या. पण हार मानणाऱ्या नव्हेत. “चकतीसाठी झाड कशाला हवं? दुकानात मिळतं की. विकत आणायचं.”



“विकत?” ग्रेसफर्डचा म्हातारा म्हणाला. “लिंबू?”

“इतके वाईट दिवस आलेत का?” मॅव्हिसनं विचारलं, तेही अगदी काळजीनं.

मग मागून एक बाई पुटपुटली, “आमच्याकडे आहे एक. शेडच्या मागं.” दुसरा म्हणाला, “आमच्याही. पाहुणे आले की मी त्याच्यापुढे गाडी लावतो.” मंडळाच्या खजिनदारांनी घसा खाकरून सांगितलं की त्यांच्याकडे दोन आहेत. देशी झाडांच्या त्या कडव्या भक्तांपैकी निम्म्यांच्या परसात माझ्या बहिणी लपून बसल्या होत्या! हसण्याची लाट उसळली. थोराबाई तेवढ्या हसल्या नाहीत.

“हसा,” त्या म्हणाल्या. “पण ही टेकडी एके काळी देशी झाडांनी भरलेली होती. सगळी तोडून आपल्या लोकांनी इथं लिंबं नि गुलाब लावले. कोणीतरी कधीतरी ठाम राहायला नको?”

ते खरं होतं. मला स्वतःला ते पटलं आणि फार वाईट वाटलं. माझ्या जागी आधी कोण उभं होतं, हे मी कधी मनातही आणलं नव्हतं.

ग्लेनिस पुढे आली. “थोराबाई, तुमचं बरोबर आहे. गुलाब काढले ते मला पटलं म्हणून काढले. कॅमेलिया काढली तेव्हा एक अश्रू गाळला नाही. पण हिला मी कोणासाठी काढत होते? तुम्ही काय म्हणाल, म्हणून. मी लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंनी मला स्वयंपाकघर दाखवायच्या आधी ही लिंबोणी दाखवली होती. म्हणाल्या, मी तापट बाई आहे, आपलं जमेल न जमेल, पण लिंबं लागली तर विचारायचं नाही, तोडायची. आमचं काही जमलं नाही. पण लिंबं मी कधी विचारून तोडली नाहीत. बाग माझी आहे, थोराबाई. करवत गाडीतच राहू दे.”

“मग पुढच्या वर्षी या बागेचं नाव छापता येणार नाही.”

 किती वर्षं ग्लेनिसनं त्या नावासाठी गुडघे झिजवले होते, ते मी रोज पाहत होते.

“नका छापू,” ती म्हणाली.

थोराबाईंनी चहा संपवला, कप मॅव्हिसच्या हाती दिला आणि त्या ताठ मानेनं निघून गेल्या. बाकीचे जाताना एकेक लिंबू खिशात घालून गेले. मला थोराबाईंचा राग नाही. त्यांचं प्रेम खरं होतं, फक्त त्यात माझ्यासाठी जागा नव्हती.

सगळे पांगल्यावर ग्लेनिस छाटणीची मोठी कात्री घेऊन माझ्याकडे आली. माझी पानं गळायचीच बाकी होती. मर्व लांबून ओरडला, “किती कापणार आहेस?”

“मेलेलं तेवढंच.”

“नक्की ना?”

“मर्व, आत जा.”

तो गेला. ग्लेनिसनं जाळी बाजूला काढली आणि वर्षानुवर्षांची वाळकी लाकडं एकेक करून काढायला लागली. किड्यांच्या गाठी असलेल्या फांद्या तिनं कापल्या. तोंडानं बडबड चालूच होती, “काय अवतार करून घेतलायस, जरा सांगायचं नाही का.” एक गाठ जिवंत फांदीवर होती, ती कापताना चीक आला. ग्लेनिस थांबली. आजूबाजूला कोणी नाही ना, हे तिनं पाहून घेतलं आणि हळूच विचारलं, “दुखलं का गं?”

मित्रांनो, माझी फळं सगळ्यांनी खाल्ली, कौतुकही पुष्कळ झालं, निळ्या फिती घरात लागल्या. पण हे मला आजवर कोणी विचारलं नव्हतं. तुमच्या परसात एखादं जुनं झाड असेल, देशी असो की माझ्यासारखं आलेलं, तर एकदा त्याच्याजवळ जा आणि हे विचारून पाहा. त्याला बोलता येणार नाही, पण ते ऐकत असतं.